गेट-सेटची कुळकथा

बेळगाव-निपाणी भागातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी जावा शिकू लागला की, क्लासमधली माहिती 'प्रायव्हेट' करून तिच्यासाठी दोन मेथड लिहितो: वाचायला 'गेट'ची, बदलायला 'सेट'ची. ही रीत बेळगावात १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाहून फारशी जुनी नाही.

तिच्या आधीच्या स्मॉलटॉक-८० या भाषेत असा उपसर्ग नव्हता. 'नेम' म्हटले की नाव मिळे. त्यालाच अपूर्णविराम जोडून नवे मूल्य दिले की नाव बदले. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये बदलणाऱ्या मेथडला 'सेट' लागला, वाचणारी मोकळीच राहिली.

१९९६च्या पहिल्या जावातही आकार विचारायला 'साइझ' आणि बदलायला 'रीसाइझ' होते. मग जावा घडवणाऱ्या सन कंपनीने जावाबीन्सचा आराखडा आणला. बटणासारखे तयार भाग एखाद्या साधनात माउसने पडद्यावर मांडायचे आणि त्यांचे रंग, आकार शेजारच्या तक्त्यात बदलायचे, ही त्यामागची कल्पना. पण कोणत्या भागाला कोणते गुणधर्म आहेत, हे त्या साधनाला कळायचे कसे? ते जाहीर करायची सोय जावात नव्हती. म्हणून मेथडच्या नावातच खूण ठेवली. १९९७च्या जेडीके १.१ मध्ये 'साइझ'चे 'गेटसाइझ' आणि 'रीसाइझ'चे 'सेटसाइझ' झाले. होय-नाही सांगणाऱ्या मेथडला 'इज' मिळाला.

साधन नावातला 'गेट' काढते आणि उरलेल्या शब्दाचे पहिले रोमन अक्षर लहान करते. पहिली दोन्ही अक्षरे मोठी असतील तर हात लावत नाही. म्हणून 'यूआरएल' तसेच राहते. देवनागरीत आणि कन्नड लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, पण जावाला युनिकोड नावे चालतात. 'गेट'पुढे मराठी 'नाव' लिहा किंवा कन्नड 'हेसरु', साधन गुणधर्म अचूक ओळखते.

सी-शार्पने गुणधर्माला भाषेतच जागा दिली. जावा १६ मध्ये, २०२१ साली, पक्क्या झालेल्या 'रेकॉर्ड' या क्लासच्या प्रकारात 'गेट' गळाला. वाचणारी मेथड पुन्हा नुसत्या नावाची झाली.

हा इतिहास प्रयोगशाळेत सांगायला हवा. तो ठाऊक नसल्यामुळे मुले प्रत्येक माहितीला दोन्ही मेथड जोडतात. मग 'प्रायव्हेट' लिहून काय राखले? बाहेरून बदलू नये अशा माहितीला 'सेट' न देणे हे, मेथडचे नाव अचूक लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे.