सुंदरबनची जुळी, फलटणची मेंढी

दख्खनी मेंढी एका वेताला सहसा एकच कोकरू देते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळच्या ‘बुरूला’ फार्मवर मात्र दोन-तीन कोकरं देणाऱ्या मेरिनो मेंढ्यांचा कळप होता. 1958 पासून सीएसआयआरओ या संस्थेने त्यांचा अभ्यास सुरू केला आणि 1980च्या सुमारास एकाच प्रभावी जनुकाचा अंदाज बांधला गेला.

पण जनुक ओळखायचं कसं? एडका विणार नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन वितील, त्यांची कोकरं मोजायची, तेव्हा कुठे बापाची कुळी कळायची. यात वर्षं जात.

2001 साली वेगवेगळ्या संशोधक गटांनी त्या जनुकातला नेमका बदल शोधला. रक्ताच्या थेंबातल्या डीएनएवरून, कोवळ्या कोकरातसुद्धा, आईबापांकडून हा वारसा आला की नाही ते सांगता येऊ लागलं.

तोच बदल बंगालच्या सुंदरबनातल्या चिमुकल्या गॅरोल मेंढीतही सापडला. 1792-93 मध्ये कलकत्त्याहून सिडनीला मेंढ्या गेल्याच्या नोंदी होत्याच. त्यामुळे बुरूलाचं मूळ बंगालकडे असल्याच्या तर्काला मोठं बळ मिळालं.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलचा दख्खनीशी संकर केला. गॅरोलची जुळी हवी, पण अंग दख्खनीचं हवं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या डीएनए चाचणीने जनुकवाहक जनावरं निवडली. त्यातूनच ‘नारी सुवर्णा’ घडली. प्रयोगशाळेतलं ज्ञान मेंढपाळाच्या वाड्यापर्यंत पोचवणारं हे काम महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असं आहे.