म्हैसूरची दोन वाहने

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याच नगरीच्या यादवगिरी भागात सुमारे पस्तीस वर्षे एक कारखाना चालला, आणि तेथल्या मोटारसायकली महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘फटफटी’ या नावाने ओळखीच्या झाल्या. त्यांपैकी जावा आणि येझ्दी रोडकिंग ही दोन वाहने शेजारी ठेवून पाहिली, तर स्वतंत्र भारताच्या उद्योगनीतीचा एक अध्यायच वाचावयास मिळतो.

स्वदेशी वाहनांचे स्वप्न म्हैसूरला नवे नव्हते. संस्थानचे माजी दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मोटारींच्या कारखान्याचा आग्रह धरला. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यासाठी झटले. परंतु परकीय सरकारने साथ दिली नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. तेव्हा मुंबईत परदेशी जावा विकणारे रुस्तम इराणी म्हैसूरला वळले. राज्यपाल जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते १९६१ साली ‘आयडियल जावा’च्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

जावाचे मूळ प्राग येथले. यानेचेक यांनी १९२९ साली स्वतःचे आणि ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीचे नाव जोडून ते सिद्ध केले होते. म्हैसूरच्या जावाचे इंजिन २५० सीसीचे, एका सिलिंडरचे. तरी धूर सोडणाऱ्या नळ्या मात्र दोन. ज्या दांड्याला लाथ मारून गाडी सुरू करावयाची, तोच पुढे ढकलला की गिअर बदलण्याच्या कामी येई. पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे असल्याने यंत्ररचना साधी होती, आणि तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही तिची दुरुस्ती सहज करी.

१९७३ पासून ‘येझ्दी’ हे नाव आले आणि १९७८ साली रोडकिंग अवतरली. तिचा बांधा अधिक चपळ आणि शक्ती बारा अश्वशक्तींवरून सोळांवर गेलेली. परंतु आत डोकावले, तर सिलिंडरचा व्यास तोच ६५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव तीच ७५ मिलिमीटर, गिअरही चारच. नाव स्वदेशी झाले, कारागिरांचे हात तयार झाले, रूप पालटले. पण यंत्राचा गाभा बदलला नाही. संरक्षित बाजारात ग्राहकच रांगेत उभा असल्याने तो बदलण्याची निकडही कोणास भासली नाही.

ती निकड १९८५ साली अकस्मात भासली. जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसीच्या गाड्या बाजारात आल्या. त्यांतील हीरो होंडाचे चार धावांचे इंजिन थोड्या पेट्रोलात दूर जाई, आणि त्याला पेट्रोलात तेल मिसळावे लागत नसे. पुढे धुराविषयीचे नियम कडक झाले. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि त्यावर विसंबलेल्या कामगारांची घरे उघडी पडली.

जावा हे नाव २०१८ साली आणि येझ्दी २०२२ साली बाजारात परतले; परंतु या नव्या गाड्या म्हैसूरला बनत नाहीत. जुन्या मात्र अजून हौशी माणसांच्या हाती धावताना दिसतात. निर्बंधांच्या आश्रयाने उद्योग उभा राहू शकतो, हे जावाने दाखविले. त्या आश्रयाच्या काळात नवे संशोधन झाले नाही, तर तो टिकत नाही, हे रोडकिंगने दाखविले. धोरण आखणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्रच ध्यानात ठेवावयास हव्यात.