रिकामी पेटी : घरातल्या टीव्हीवर आपलं काय लावायचं?

दांडी म्हटलं की पाहुण्यांना मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातमधली. आमची दांडी पालघर जिल्ह्यातली, बोईसर-तारापूरच्या शेजारची, मासेमारीवर जगणारी. आज आम्ही तुम्हाला एका छोट्या संगणकाचा इतिहास सांगणार आहोत. एटीएम कार्डाएवढा हा बोर्ड टीव्हीला जोडला की घरातली गाणी, फोटो, लग्नाची शूटिंग पडद्यावर लावता येते, तीही इंटरनेटशिवाय. त्याचं नाव रास्पबेरी पाय. बचत गटाला याचं काय, असं काही जणी म्हणतील. पण घरात काय ऐकायचं आणि काय बघायचं हे कोण ठरवतं, तो प्रश्न आपला आहेच.

थोडं मागे जाऊ. मुंबईचं रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. मुंबईत दूरदर्शन आलं ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी. दोघांनी बातम्या दिल्या, शेतीची माहिती दिली, नाटकं आणि गाणी दिली. पण काय लावायचं आणि कधी लावायचं, हे केंद्रावर ठरायचं. आपण बटण फिरवायचं, एवढंच.

कॅसेट आली आणि पहिल्यांदा साध्या घरात स्वतःचा आवाज भरून ठेवायची सोय झाली. त्याचं मोल किती, ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामातून कळतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. बऱ्याच ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. पुढे ते आवाज संगणकावर घेतले गेले, आणि 2017 पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने त्या ओव्या लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. टेपवरच राहिल्या असत्या, तर टेपबरोबरच विरल्या असत्या.

आपल्या घरी काय झालं? कॅसेटला बुरशी लागली. लग्नाची सीडी आहे, पण ती लावायचं यंत्र भंगारात गेलं. 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि सगळं फोनवर आलं. रिचार्ज संपला की गाणं थांबतं. आपली स्वतःची शूटिंग मेमरी कार्डात अडकून पडते, आणि फोन पाण्यात पडला की तीही जाते. समुद्रावरच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

आता त्या बोर्डाची गोष्ट. गंमत अशी की तिचं मूळ एका रेडिओ संस्थेत आहे. ब्रिटनच्या बीबीसीने 1981 मध्ये लोकांना संगणक शिकवण्यासाठी 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक आणला. तो आपल्या देशातही आला. 1984-85 मध्ये सरकारने 'क्लास' नावाची योजना सुरू केली. तिच्यात सुरुवातीला 250 शाळांमध्ये हेच संगणक ठेवले होते. त्या संगणकावर मुलं स्वतः आज्ञा लिहायची आणि तो कसा चालतो ते शिकायची.

पुढे संगणक महाग आणि बंद डब्यासारखे झाले. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणारी मुलं कमी झाली, आणि आली ती कमी तयारीची. म्हणून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना परवडेल असा संगणक बनवायचं ठरवलं. 29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला. किंमत 35 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण पावणेदोन हजार रुपये. कर आणि वाहतूक वेगळी. पहिले 10,000 बोर्ड हातोहात संपले.

मुलांच्या अभ्यासासाठी केलेला हा बोर्ड टीव्हीला कसा जोडला गेला? कारण त्याच्या चिपमध्ये आहे. त्या चिपचा हिशेब करणारा भाग साधाच होता, पण चित्र आणि आवाज उलगडणारा भाग दमदार होता. शिवाय पहिल्या बोर्डावर नव्या टीव्हीसाठी एचडीएमआयची जागा होती आणि जुन्या डबा टीव्हीसाठी पिवळी पिनही होती. म्हणजे घरातला जुना टीव्हीही चालत होता.

टीव्हीवर गाणी-सिनेमे दाखवणारा प्रोग्रॅम आधीपासून होता. 2002 च्या सुमारास काही हौशी मंडळींनी तो एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहायला घेतला. जगभरातल्या स्वयंसेवकांनी त्यात भर घातली. तो फुकट आहे आणि 2014 पासून त्याला 'कोडी' म्हणतात. एकीने भाजी चिरली, दुसरीने फोडणी दिली, तिसरीने वाढलं, तसं हे काम झालं. बचत गटाच्या बायांना ही रीत नवी नाही.

करायचं काय, तेही सांगतो. बोर्ड, त्याचा चार्जर, मेमरी कार्ड, टीव्हीची केबल आणि गाण्यांचा पेन ड्राइव्ह, एवढं सामान लागतं. कार्डावर कोडी एकदा भरून घ्यायचं. हे काम कॉलेजात जाणारी मुलगी करू शकते. बऱ्याच नव्या टीव्हींचा रिमोटच मग बोर्डालाही चालतो. खाऱ्या हवेत पिना गंजतात, म्हणून बोर्ड डबीत ठेवा. बंद करताना पडद्यावरून बंद करा. एकदम वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते. गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर, वेगळ्या घरात ठेवा. नव्या बोर्डांच्या किमती वाढल्या आहेत, म्हणून आधी भाव काढा. आणि तुमच्या टीव्हीत पेन ड्राइव्ह थेट चालत असेल, तर बोर्ड घ्यायचीही गरज नाही. पैसे वाचतील.

यंत्रापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. रेडिओ आणि टीव्ही घरी आले ते दुसऱ्याची निवड घेऊन. ही पेटी घरी येते ती रिकामी. तिच्यात भरलं जाईल तेच ती लावणार. घरातल्या मुलांनी फक्त सिनेमे भरले, तर सिनेमेच दिसतील. आपण आपलं भरलं, तर आपलं दिसेल.

आमच्या किनाऱ्यावर लग्नात धवले गाणारी धवलारीण आता म्हातारी झाली आहे. तिची गाणी कुठल्या दुकानात मिळत नाहीत. जाळं विणताना, बोंबील वाळत घालताना आज्या ज्या गोष्टी सांगतात, त्याही नाहीत. एखादी आजी गेली की तिच्याबरोबर तिची सगळी गाणी जातात. त्यासाठी बोर्ड येईपर्यंत थांबायचं कारण नाही. भरून घ्यायला हातातला फोन पुरतो.

तर पुढच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास काढा. गावातल्या कोणत्या मावशीला, कोणत्या आजीला काय येतं, त्याची यादी करा. त्यांना आधी विचारा, गाणं कोणाला ऐकवलेलं चालेल तेही विचारा, आणि हो म्हणाल्या तर फोनमध्ये भरून घ्या. नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. मग एका संध्याकाळी त्याच आजीला टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसवा आणि रिमोट तिच्या हातात द्या.