भात : किडींना जैवरासायनिक प्रतिसाद
कीड पान कुरतडते, खोड पोखरते, रस शोषते किंवा अंडी घालते तेव्हा भाताच्या पेशींत सुरू होणारी संरक्षक रासायनिक प्रक्रिया. वलवण-लोणावळ्यापासून वडगावपर्यंतच्या मावळी भातखाचरांत तिची दोन ठळक कारणे म्हणजे खोडकिडा आणि तपकिरी तुडतुडे. दोघांची खाण्याची रीत निराळी, म्हणून रोपाचे उत्तरही निराळे.

खोडकिड्याच्या अळीने गाभा खाल्ला की फुटवा सुकतो. लोंबी निसवल्यावर हल्ला झाला तर ती पांढरी, पोचट निघते. जखमेजवळच्या हरितलवकांच्या पटलांतून लिनोलेनिक आम्ल सुटते व त्यापासून जास्मोनिक आम्ल बनते. त्याच्या इशाऱ्यावर ट्रिप्सिन-रोधक प्रथिने तयार होतात. ती पोटात गेल्यावर अळीला खाल्लेली प्रथिने पचत नाहीत व तिची वाढ खुंटते.

तुडतुडा सोंड खुपसून रसवाहिन्यांतील रस ओढतो. प्रतिकारक वाणांत सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग जागा होतो व कॅलोज हे कर्बोदक साचून वाहिन्या बुजतात. २००९ मध्ये विलग केलेले बीपीएच१४ जनुक असेच काम करते. बळी पडणाऱ्या वाणांत मात्र रोपाचीच विकरे हे कॅलोज विरघळवतात. जास्मोनिक आम्लाचा मार्ग रोखलेल्या भातावर खोडकिडा अधिक पोसतो, पण तुडतुड्यांना प्रतिकार वाढतो, असे चीनमधील संशोधकांना त्याच वर्षी आढळले. सर्व किडींना पुरून उरणारा वाण काढणे अवघड का, याचे हे एक सबळ कारण. तुडतुड्यांच्या हल्ल्यानंतर रोप लिनालूलसारखी बाष्पशील द्रव्येही सोडते. त्यांच्या वासावर तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या येतात.

काही पिकांकडे किडींविरुद्धची तयार विषारी द्रव्येही असतात : मका व गहू यांच्याकडे बेंझॉक्साझिनॉइडे, ज्वारीकडे चावल्यावर हायड्रोसायनिक आम्ल सोडणारे धुरिन. भाताकडे यांपैकी काही नाही. त्याची भिस्त सिलिकावर आहे. मुळे जमिनीतील सिलिसिक आम्ल शोषतात व ते पानाच्या बाह्यत्वचेत सिलिका होऊन बसते. अळीचे जबडे त्यावर झिजतात. जास्मोनिक आम्लाने हा संचय वाढतो आणि सिलिका पुरेशी असलेले रोप तोच इशारा अधिक जोमाने देते. मुसळधार पावसाने निचरून गेलेल्या घाटमाथ्याच्या जमिनींत उपलब्ध सिलिका कमी पडू शकते, हे इथे ध्यानात घ्यावे लागते.

कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवड पद्धतीतील पहिले सूत्र नेमके याच जागी उपयोगी पडते : रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळणे व पेंढा शेतात गाडणे. भाताने उचललेली सिलिका त्यामुळे पुन्हा भातालाच मिळते. याउलट नत्र जास्त झाले की रसातील अमिनो आम्ले वाढतात आणि तुडतुडे झपाट्याने पैदास करतात. इंद्रायणीसारख्या लोकप्रिय वाणाच्या खाचरातही युरियाचा हात आखडता ठेवावा लागतो तो यासाठी. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचतात, म्हणजे नत्र एकदम न सुटता सावकाश मिळत राहते.