आभासी कार्ड क्रमांक

आभासी कार्ड क्रमांक (व्हर्च्युअल कार्ड नंबर) हा बँकेने किंवा अन्य कार्ड देणाऱ्या संस्थेने ग्राहकाच्या मूळ कार्डाऐवजी ऑनलाइन खरेदीसाठी तयार करून दिलेला पर्यायी क्रमांक होय. त्यासोबत वैधतेची मुदत आणि सीव्हीव्ही हा पडताळणी अंकही मिळतो. या क्रमांकाचे प्लॅस्टिकचे कार्ड नसते. खर्चाची रक्कम मूळ खात्यातूनच वळती होते, मात्र विक्रेत्याला मूळ कार्डाचा क्रमांक कळत नाही. एका व्यवहारानंतर आपोआप रद्द होणाऱ्या क्रमांकाला एकवापर क्रमांक म्हणतात.

पार्श्वभूमी

दुकानातील यंत्रात कार्ड घातले की त्यातील चिप प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा संकेत तयार करते. त्यामुळे एका व्यवहाराची माहिती चोरून दुसरा व्यवहार करता येत नाही. संकेतस्थळावर मात्र कार्ड प्रत्यक्ष हजर नसते. तेथे क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही हीच ओळख ठरते आणि ही तिन्ही कार्डावर छापलेली असतात. ज्याला ती एकदा कळली, त्याला कार्ड बंद होईपर्यंत ती वापरता येतात. ग्राहक दहा ठिकाणी खरेदी करतो तेव्हा त्याच्या खात्याची सुरक्षितता त्या दहांपैकी सर्वांत निष्काळजी विक्रेत्यावर अवलंबून राहते.

पेमेंट कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकानुसार व्यवहार मंजूर झाल्यावर विक्रेत्याने सीव्हीव्ही साठवून ठेवण्यास मनाई आहे. तथापि माहिती साठवलेली नसतानाही चोरीला जाऊ शकते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी घुसवलेल्या संगणकीय संहितेने ग्राहक माहिती टंकित करत असतानाच तिची नक्कल बाहेर पाठवली. ४ लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती बाधित झाली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. अशा हल्ल्यात पान खरे असते आणि पत्त्यातील कुलपाचे चिन्हही खरे असते, म्हणून ग्राहकाने कितीही सावधगिरी बाळगली तरी त्याला संशय येण्याचे कारण उरत नाही. एकदा वापरून रद्द झालेला क्रमांक अशा चोराच्या हाती पडला तरी त्याला त्याचा उपयोग नसतो.

रचना व कार्यपद्धती

कार्ड क्रमांकाची रचना आयएसओ/आयईसी ७८१२ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेली आहे. आरंभीचे अंक कार्ड देणारी संस्था दर्शवतात. हे पूर्वी ६ होते, २०१७ च्या सुधारणेनंतर ते ८ झाले. शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि तो आयबीएमचे अभियंता हान्स पीटर लून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने काढतात. उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करायचा, गुणाकार ९ पेक्षा मोठा आल्यास त्यातून ९ वजा करायचे आणि सर्व अंकांची बेरीज करायची. तिला १० ने निःशेष भाग गेला तर क्रमांक रचनेच्या दृष्टीने योग्य ठरतो. ही पद्धत टंकनातील चूक पकडण्यासाठी आहे, चोर पकडण्यासाठी नव्हे.

आभासी क्रमांकही हे सर्व नियम पाळतो. त्यामुळे विक्रेत्याच्या यंत्रणेत काहीही बदल करावा लागत नाही आणि तो स्वीकारताना नेहमीचेच कार्ड वाटतो. व्यवहाराची विनंती विक्रेत्याच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या संस्थेकडे पोहोचते. तेथे आभासी क्रमांकामागील मूळ खाते शोधले जाते, ठरवलेल्या अटी तपासल्या जातात आणि मंजुरी किंवा नकार कळवला जातो.

या अटींवरच योजनेचे खरे बळ अवलंबून आहे. काही क्रमांक एकाच व्यवहारापुरते असतात. काहींना रकमेची किंवा दिवसांची मर्यादा असते. काही क्रमांक पहिल्यांदा ज्या विक्रेत्याकडे वापरले गेले त्याच्याशीच बांधले जातात व अन्यत्र चालत नाहीत. नियमित खरेदीसाठी हा शेवटचा प्रकार एकवापर क्रमांकापेक्षा सोयीचा ठरतो. शिवाय असा क्रमांक दुसरीकडे वापरण्याचा प्रयत्न झाल्यास माहिती कोणत्या विक्रेत्याकडून फुटली हेही कळते.

क्रमांकांचा साठा अमर्याद नाही. सोळा अंकांपैकी संस्थेचे ८ आणि पडताळणीचा १ वगळता ७ अंक उरतात, म्हणजे एका आरंभ-संकेतात १ कोटी क्रमांक बसतात. प्रत्येक खरेदीला नवा क्रमांक देणाऱ्या संस्थेला ही संख्या मोठी नाही.

इतिहास

अमेरिकन एक्सप्रेसने २००० मध्ये ‘प्रायव्हेट पेमेंट्स’ या नावाने एकवापर क्रमांकांची सेवा सुरू केली. ती २००४ मध्ये बंद झाली. डब्लिनमधील ऑर्बिसकॉम या आयरिश कंपनीने विकसित केलेले तंत्र अनेक बँकांनी स्वीकारले. पुढे २००९ मध्ये मास्टरकार्डने ही कंपनी विकत घेतली. पोर्तुगालमध्ये ‘एमबी नेट’ आणि फ्रान्समध्ये ‘ई-कार्त ब्ल्यू’ या सेवा २००० च्या दशकाच्या आरंभी आल्या.

अमेरिकेत सुरुवातीच्या सेवांना मर्यादित प्रतिसाद मिळाला. डिस्कव्हरने आपली सेवा २०१४ मध्ये, तर बँक ऑफ अमेरिकाने ‘शॉपसेफ’ २०१९ मध्ये बंद केली. आरंभी त्यासाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम बसवावा लागे. शिवाय क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात ग्राहकाचे दायित्व तेथील कायद्याने ५० डॉलरपर्यंत सीमित आहे, त्यामुळे एवढा खटाटोप करण्याची निकड अनेकांना भासत नसे. डेबिट कार्डाबाबत मात्र परिस्थिती वेगळी असते. तेथे पैसे थेट बचत खात्यातून जातात, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत घरभाडे वा हप्ता अडकू शकतो आणि कळवण्यास उशीर झाल्यास दायित्वही वाढते. पुढे कॅपिटल वनची ‘ईनो’ आणि ‘प्रायव्हसी’ यांसारख्या सेवांनी ब्राउझरमध्येच क्रमांक तयार करण्याची सोय दिली. २०२२ मध्ये गूगलने क्रोममध्येही आभासी कार्डांची घोषणा केली.

भारतातील स्थिती

एचडीएफसी बँकेची ‘नेटसेफ’ आणि भारतीय स्टेट बँकेचे ‘व्हर्च्युअल कार्ड’ या भारतातील परिचित सेवा ठरल्या. स्टेट बँकेच्या सेवेत ग्राहक नेटबँकिंगमधून हवी ती रक्कम ठरवून कार्ड तयार करतो. ते एका व्यवहारापुरते व ४८ तासांपर्यंत वैध असते.

ही कल्पना भारतात फारशी रुजली नाही, त्याचे एक मोठे कारण रिझर्व्ह बँकेचे नियम हे आहे. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पडताळणीची अतिरिक्त पायरी सक्तीची झाली. आज ती बहुधा ओटीपीच्या रूपात दिसते. त्यामुळे केवळ क्रमांक चोरून देशांतर्गत संकेतस्थळावर खरेदी करणे अवघड झाले. मात्र हा नियम देशांतर्गत व्यवहारांसाठी होता. परदेशी विक्रेत्याकडे अनेकदा ओटीपीविनाच रक्कम वळती होते. म्हणून जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ऑनलाइन व आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाला स्वतः सुरू किंवा बंद करता येईल अशी सोय सक्तीची केली. गरज नसेल तेव्हा आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवणे हा आभासी क्रमांकाइतकाच परिणामकारक आणि अधिक सोपा उपाय आहे.

१ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील विक्रेत्यांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी कार्ड, विक्रेता व टोकन मागणारी संस्था यांच्या संयोगाला विशिष्ट असे टोकन वापरले जाते. टोकन आणि आभासी क्रमांक यांची गल्लत होते, परंतु त्यांत महत्त्वाचा फरक आहे. टोकन पडद्यामागे तयार होते आणि ग्राहकाने मूळ क्रमांक एकदा तरी टंकित केलेला असतो. आभासी क्रमांकात मूळ क्रमांक विक्रेत्याच्या पानावर येतच नाही. त्यामुळे ब्रिटिश एअरवेजसारख्या हल्ल्यात, टंकनाच्या क्षणी, टोकन एकटे पुरेसे ठरत नाही.

मर्यादा

मुदत संपलेल्या क्रमांकावरील परतावा सहसा मूळ खात्यात जमा होतो, पण दरम्यान खातेच बंद झाले असेल तर तो मिळवण्यासाठी पाठपुरावा करावा लागतो. एका मागणीतील वस्तू वेगवेगळ्या वेळी पाठवून टप्प्याटप्प्याने रक्कम घेणाऱ्या विक्रेत्याकडे एकवापर क्रमांक दुसऱ्या टप्प्यावर नाकारला जातो. आगाऊ रक्कम राखून ठेवणारी हॉटेले आणि आरक्षणाचे मूळ कार्ड दाखवण्यास सांगणाऱ्या संस्था यांच्याकडेही अडचण येते.

मोफत चाचणीनंतर आपोआप सुरू होणाऱ्या वर्गण्या टाळण्यासाठी या क्रमांकांचा बराच वापर होतो. नेहमीचे कार्ड बदलले तरी व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या अद्ययावतीकरण सेवांमुळे नवा क्रमांक विक्रेत्याकडे आपोआप पोहोचू शकतो, म्हणून स्वतंत्र क्रमांक बंद करणे सोयीचे वाटते. परंतु क्रमांक बंद केल्याने करार रद्द होत नाही. वर्गणी रीतसर रद्द न केल्यास विक्रेता थकबाकीचा दावा करू शकतो.

आभासी क्रमांकाने खरेदीदार अनामिक होत नाही. वस्तू घरी यायची असल्याने नाव व पत्ता द्यावाच लागतो आणि बँकेकडे सर्व नोंद राहते. बनावट दुकानापासूनही तो पूर्ण संरक्षण देत नाही. ग्राहकाने स्वतःहून पैसे भरले आणि वस्तू आलीच नाही, तर नुकसान ठरवलेल्या मर्यादेपुरते राहते इतकेच. फोनवरून ओटीपी काढून घेणाऱ्या भामट्यांविरुद्ध तर त्याचा काही उपयोग नाही.

गैरव्यवहार झाल्यास

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहक व बँक या दोघांचाही दोष नसलेल्या गैरव्यवहाराची सूचना ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत दिल्यास त्याचे दायित्व शून्य राहते. ४ ते ७ दिवसांत दिल्यास दायित्व मर्यादित असते आणि त्यानंतर ते बँकेच्या धोरणानुसार ठरते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. आर्थिक सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर नोंदवता येते.