ॲना फ्रॉइड आणि मनाचा बचाव

मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बचाव यंत्रणा यादीच्या रूपाने भेटतात: दमन, नकार, प्रक्षेपण, उदात्तीकरण. विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि त्या यादीमागचा मोठा बदल नजरेआड राहतो. रुग्ण स्वतःला ज्या मार्गाने सावरतो, त्याकडे वैद्याने कसे पाहायचे, हेच या संकल्पनेच्या इतिहासात पालटले. त्या पालटाचे मोठे श्रेय ॲना फ्रॉइड यांना द्यायला हवे, असे मला वाटते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ च्या लेखात ‘बचाव’ ही कल्पना मांडली. असह्य विचार मन जाणिवेबाहेर लोटते आणि त्याची किंमत लक्षणांच्या रूपाने चुकवते, असे तिचे सूत्र होते. पुढे बराच काळ दमनाचाच बोलबाला राहिला. १९२६ मध्ये मात्र त्यांनी दमन हा अनेक बचावांपैकी एक ठरवून जुनी व्यापक कल्पना परत आणली. तरीही मनोविश्लेषकाच्या दृष्टीने बचाव हा मुख्यतः अडथळाच होता. दडलेले वर यायचे, तर तो दूर करणे भाग होते.

ॲना मुळात प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. वडील सिग्मंड यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या वर्षी, १९३६ मध्ये, व्हिएन्नात त्यांचे अहं आणि बचाव यंत्रणांवरचे पुस्तक निघाले. तोवर विखुरलेल्या यंत्रणा त्यांनी एकत्र केल्या, पण पुस्तकाचे खरे बळ त्यातल्या मुलांमध्ये आहे. मास्तर रागावले की एक मुलगा तोंड वेडेवाकडे करायचा. मनोविश्लेषक ऑगस्ट आइशहॉर्न यांनी दोघांना समोरासमोर पाहिले, तेव्हा उलगडा झाला की मुलाच्या चेहऱ्यावर मास्तरांचाच संतापलेला चेहरा उमटत होता. ज्याची भीती वाटते, त्याचेच रूप तो नकळत घेत होता. दुसरी एक मुलगी भुतांच्या भीतीने अंधारा दिवाणखाना ओलांडू शकत नसे. मग आपणच ते भूत आहोत असे सोंग तिने घेतले, विचित्र हातवारे करत ती पलीकडे जाऊ लागली आणि धाकट्या भावालाही तिने ही युक्ती शिकवली. या मुलीला रोगी म्हणायचे की हिकमती? ॲना यांनी या ‘आक्रमकाशी तादात्म्या’ला वाढीच्या वाटेवरची एक साधारण पायरी मानले. तीच सवय वय वाढल्यावरही घट्ट राहिली, तर ती जाचक होऊ शकते, हेही त्यांनी दाखवले.

यात नवे काय, असे कोणी विचारेल. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, वड्याचे तेल वांग्यावर, नाचता येईना अंगण वाकडे: आपल्या म्हणींना हे सगळे ठाऊक होतेच. ठाऊक होते हे खरे, पण म्हण त्या माणसाला उघडे पाडते आणि तिथेच थांबते. कोल्ह्याला द्राक्षे आंबट ठरवावी का लागली, त्यातून त्याचे काय वाचले, हे ती विचारत नाही. ॲना यांनी नेमके तेच विचारले.

१९३८ मध्ये नाझींमुळे फ्रॉइड कुटुंब लंडनला आले. महायुद्धात ॲना आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड इथे मुलांसाठी निवासी पाळणाघरे चालवली. तिथला चार वर्षांचा एक मुलगा वडिलांचा मृत्यू मानायला तयार नव्हता. तो कागदी घरे मांडायचा आणि गोट्यांचे बॉम्ब टाकून ती पाडायचा. इतर मुलांच्या खेळात माणसे मरत, पण याच्या खेळात सगळी माणसे दर वेळी वाचत आणि घरे पुन्हा उभी राहत. इतक्या लहान वयात नकाराखेरीज त्याच्या हाती दुसरे काय होते? त्याला चूक पटवून देणे सोपे होते, पण त्यातून त्याचा आधार तेवढा गेला असता.

खरा गंभीर आक्षेप तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आहे. रुग्णाने ‘हो’ म्हटले तरी सिद्धान्त खरा आणि ‘नाही’ म्हटले तरी खराच, मग तो खोटा ठरणार कसा? विश्लेषकांकडे याला बराच काळ धड उत्तर नव्हते. ते मिळू लागले मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांच्या कामातून. हार्वर्डमध्ये १९३८ पासून २६८ पुरुषांच्या आयुष्याचा पाठपुरावा चालू होता. त्या नोंदींमधले प्रत्यक्ष वर्तन तपासून व्हेलंट यांनी बचावांची प्रतवारी लावली. विनोद, परोपकार, उदात्तीकरण अशा परिपक्व बचावांचा चांगल्या मानसिक आरोग्याशी संबंध दिसला. हे सगळे हार्वर्डमध्ये शिकलेले गोरे पुरुष होते, ही त्रुटी मोठीच. पण बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या पुरुषांच्या अभ्यासातही बचावांची परिपक्वता शिक्षणावर वा सामाजिक वर्गावर अवलंबून दिसली नाही. पुरावा अजून अपुरा आहे, तरी ही कल्पना तपासताच येत नाही, असे आता म्हणता येणार नाही.

असे असूनही मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने बचावांना दूर केले. १९९४ च्या आवृत्तीत परिशिष्टात दिलेली बचावांची मोजपट्टी २०१३ मध्ये वगळली गेली. दोन डॉक्टरांचे निदान जुळावे, हा आग्रह रास्त आहे आणि लक्षणे मोजणे त्यासाठी सोयीचे आहे. पण कर्करोगाचे निदान ऐकून दुसऱ्या दिवशी शांतपणे कामावर गेलेल्या माणसापुढे लक्षणांची यादी अपुरी पडते. त्याचा नकार काही दिवस राहू द्यायचा की उपचार लांबत आहेत म्हणून आजच त्याला हात घालायचा, हे डॉक्टरला ठरवावेच लागते, आणि त्या निर्णयासाठी आजच्या प्रशिक्षणात पुरेशी जागा ठेवलेली नाही.