फुलचूर.भारत

‘फुलचूर.भारत’ हा संकेतस्थळाचा पत्ता, फुलचूर या गावाच्या नावावरून, नमुन्यादाखल घेतला आहे. शेवटच्या टिंबानंतरचा भाग म्हणजे पत्त्याचे शेपूट. देवनागरीतले ‘.भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुले झाले, मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी यांसह आठ भाषांसाठी. पण ते देशाचे आहे, भाषेचे नव्हे, आणि मला हा भेद मोलाचा वाटतो. कातालान भाषकांनी ‘.कॅट’ (.cat) मागितले ते केवळ भाषा आणि संस्कृतीच्या ओळखीवर. २००५ मध्ये ते मंजूर झाले. पुढे बास्क, गॅलिशियन, ब्रेटन आणि वेल्श भाषकांनी तीच वाट धरली. नव्या शेपटांसाठीच्या २०१२ च्या अर्जफेरीत नुसते अर्जशुल्कच १,८५,००० डॉलर होते. गरजू अर्जदाराला सवलत मिळाली तरी ४७,०००. गोंदिया जिल्ह्यातल्या पोवारी बोलणाऱ्यांनी एवढी रक्कम कुठून उभी करायची? गोंडीचीही तीच गत; या दोन्ही भाषा तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाहीत.

लिपीचा प्रश्न वेगळाच. ‘फुलचूर’ लिहायला अडचण नाही, कारण त्यात जोडाक्षरच नाही. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीला लागतो. संगणकाच्या दृष्टीने दुसऱ्या शब्दातला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. म्हणून देवनागरी पत्त्यांचे नियम ठरवताना मराठी जाणणारा माणूस तिथे बसलेला असणे अत्यावश्यक आहे.